कठड्यावरची मुलं आणि अध्यक्षांचा अर्ज

पत्र :

"वकीलताई, मी कर्वेनगरात राहते. ३२ वर्षं शाळेत मराठी शिकवून निवृत्त झाले. आमची २४ फ्लॅटची सोसायटी. मागच्या गल्लीत नाल्याला लागून कठडा आहे. पावसाळ्यापासून तिथला खांबावरचा दिवा बंद आहे आणि साधारण तेव्हापासूनच रोज रात्री साडेनऊला चार-पाच मुलं तिथे येऊन बसतात. दोन गाड्या आमच्या भिंतीला लावतात, पिशवीतून क्वार्टर निघते, प्लास्टिकचे ग्लास, शेंगदाण्यांची पुडी. साडेअकराला उठून जातात. खरं सांगायचं तर आजवर त्यांनी कुणाला काही केलेलं नाही. गाणी मोठ्याने नाहीत, शिवीगाळ नाही. एकदा माझी भाजीची पिशवी फाटली तेव्हा त्यांच्यातल्याच एकाने बटाटे गोळा करून फाटकापर्यंत आणून दिले. पण माझ्याकडे दोन मुली पेइंग गेस्ट आहेत, त्या क्लासवरून येताना आता मेन रोडने वळसा घालून येतात. 'ते काही बोलत नाहीत हो काकू, पण बघतात,' म्हणतात. अध्यक्षांनी पोलिसांना द्यायला अर्ज लिहिलाय : 'सदर टोळक्याकडून मोठा गुन्हा घडण्यापूर्वी त्यांस ताब्यात घेऊन कठोर कारवाई करावी.' सगळ्यांच्या सह्या झाल्या, माझी राहिली. (थर्टी-फर्स्टला गच्चीवर काय चालतं ते मी इथे लिहीत नाही.) मुलगा बंगळूरला असतो. तो फोनवर म्हणाला, 'आई, गुन्हाच झाला नाही तर पोलिसांचा संबंध काय? हे मॉरल पोलिसिंग आहे.' अडचण अशी की बटाटे उचलून देणारा मुलगा आमच्याकडे पोळ्या करणाऱ्या मावशींचा आहे. सही करू का? मावशींना सांगू का? नाव छापू नये."

उत्तर :

बाई (मराठीच्या शिक्षिकेला मी दुसरं काय म्हणणार),

तुमच्या अध्यक्षांचं आणि तुमच्या चिरंजिवांचं एका बाबतीत एकमत आहे आणि ते दोघांच्याही गावी नसावं. अजून गुन्हा घडलेला नाही, असं दोघंही धरून चाललेत. एकाला पोलीस आधी हवेत, दुसऱ्याला नंतर, एवढाच फरक. पण आपल्या राज्यात त्या कठड्यावर पहिला घोट पोटात गेला की गुन्हा झालेला असतो.

कायदा १९४९चा. तेव्हाच्या मुंबई प्रांताचा दारूबंदी अधिनियम. आता नावात मुंबईच्या जागी महाराष्ट्र आलंय, बाकी सांगाडा तोच. नाव दारूबंदीचं आणि दुकानं चौकाचौकात, हे कोडं परवान्याने सुटतं. कायद्याच्या लेखी वर्धा, गडचिरोलीच काय, कोथरूडही दारूबंदीतच आहे. ज्याच्याकडे परवाना त्याला सूट, इतकंच. आणि ही सूट कशासाठी दिलेली असते? प्रकृती राखण्यासाठी! पुण्यातल्या समस्त परमिट रूममध्ये शनिवारी रात्री लोक कागदोपत्री आपली तब्येत सांभाळत असतात. बियर आणि वाइनला वयाची २१ वर्षं पूर्ण लागतात, बाकी दारूला २५. एका दिवसाचा परवाना पाच रुपयांत मिळत आलाय, पण दुकानाच्या जाळीआडून कुणी तो विचारल्याचं तुम्ही ऐकलंय का? आणि परवाना खिशात असला तरी सार्वजनिक जागी बसून पिता येत नाहीच. याच कायद्याचं कलम ८५ आहे, रस्त्यात नशेत स्वतःला सांभाळता न येणाऱ्यासाठी आणि नशेत गोंधळ घालणाऱ्यासाठी. शिवाय भारतीय न्याय संहितेचं कलम ३५५. दारू पिऊन सार्वजनिक जागी आला आणि लोकांना त्रास दिला, तर २४ तासांपर्यंत साधी कैद, किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, नाहीतर समाजसेवा. जुलै २०२४ मध्ये संहिता लागू होईपर्यंत हेच कलम दंडविधानात ५१० क्रमांकाने होतं आणि दंड होता दहा रुपये. १८६० सालचे दहा रुपये, ते तसेच राहिले होते.

तेव्हा चिरंजिवांना सांगा, पोलिसांचा संबंध आहे.

पण अध्यक्षांनी लगेच खूश व्हायचं कारण नाही. हा कायदा इतका ऐसपैस आहे की अर्धं पुणं त्यात मावेल. गच्चीवरची थर्टी-फर्स्ट मावेल, पानशेतच्या बाजूचं फार्महाउस मावेल, घरच्या कपाटात पुस्तकांमागे ठेवलेली बाटलीसुद्धा परवान्याशिवाय असेल तर मावेल. जिथे सगळेच दोषी ठरू शकतात तिथे कुणाला धरायचं हे कायदा ठरवत नाही, त्या रात्री ड्युटीवर असलेला माणूस ठरवतो. आणि तो धरतो त्याला, जो दिसतो.

आपल्या भाषेत पिण्याला 'बसणं' म्हणतात. 'काय, बसायचं का आज?' एवढं विचारलं की समोरच्याला सगळं समजतं. हा शब्द कुणी काढला माहीत नाही, पण नेमका काढलाय, कारण या धंद्यात खरा प्रश्न बसायला जागा कुठे, हाच असतो. ज्याच्याकडे गच्ची आहे, हॉल आहे, क्लबचं सभासदत्व आहे तो 'बसतो'. ज्याच्या दहा बाय बाराच्या खोलीत आई-बाप, बारावीची बहीण आणि शिलाईचं मशीन आहे तोही बसतो, पण कठड्यावर. दोघांच्या ग्लासात एकच माल असेल. अर्ज मात्र एकाच्याच नावाने जातो. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून, ही म्हण तुम्ही बत्तीस वर्षं शिकवली असणार. अध्यक्षांना ती पुन्हा एकदा शिकवायची वेळ आलीय.

आता अर्जातलं ते वाक्य बघू. 'मोठा गुन्हा घडण्यापूर्वी ताब्यात घ्यावे.' पोलिसांना असा अधिकार आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं (म्हणजे फौजदारी कामकाजाच्या कायद्याचं) कलम १७०, जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतलं १५१. पण त्याला दोन कड्या आहेत. एक, समोरचा माणूस दखलपात्र गुन्ह्याचा बेत आखतोय हे अधिकाऱ्याला माहीत हवं. दुसरी, अटक केल्याशिवाय तो गुन्हा थांबवताच येणार नाही अशी परिस्थिती हवी. तेव्हा कुठे वॉरंटशिवाय अटक, तीही साधारण २४ तासांपुरती. बेत म्हणजे बेत. 'यांच्याकडे बघून बरं वाटत नाही' हा बेत होत नाही. क्वार्टर आणि शेंगदाणे हाही फारच साधा बेत झाला.

म्हणजे अध्यक्ष जे मागतायत ते कायदा देत नाही, आणि कायदा जे देतो ते त्यांनी मागितलेलंच नाही.

असल्या अर्जांचं पुढे काय होतं ते मी पाहिलंय, म्हणून थोडं सविस्तर सांगते. वकिली सुरू केली त्या वर्षांत माझ्याकडे कामं कमी होती, तेव्हा मी सोमवारी सकाळी एका फौजदारी कोर्टात नुसती जाऊन बसायचे. शनिवार-रविवारी उचललेली माणसं त्या दिवशी हजर करायचे. महाराष्ट्र पोलीस कायद्याचं ११० आणि ११७ (सार्वजनिक जागी असभ्य वर्तन आणि त्याची शिक्षा), कोर्टाच्या बोलीत 'एकशेदहा-एकशेसतरा'. नाव पुकारायचं, माणूस पुढे यायचा, 'गुन्हा कबूल?', 'कबूल', दंड, पुढचा. एकाला एक मिनिटही लागायचं नाही. एका सोमवारी रांगेत एक गवंडी होता. पायाला अजून सिमेंट, चपला हातात, कारण कोर्टात चपला घालून जायचं की नाही हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. मला काळा कोट घातलेला बघून म्हणाला, "बाई, मी नक्की काय केलं तेवढं वाचून दाखवा ना." मी कागद मागून घेतला. 'इसम नामे अमुक हा सार्वजनिक रस्त्यावर मोठमोठ्याने आरडाओरडा व असभ्य वर्तन करीत असताना मिळून आला.' ('मिळून आला' हे पोलिसी मराठीतलं क्रियापद तुमच्या व्याकरणात नसेल.) तो म्हणाला, मी साइटवर वाळूच्या ढिगावर बसून पीत होतो, एकटाच होतो, ओरडू कुणावर? मी सहज त्याच्या पुढच्याचा कागद बघितला, मग मागच्याचा. पाच माणसं, पाच वेगळ्या जागा, आणि पाचही कागदांवर तेच वाक्य, त्याच अक्षरात. एकातली शुद्धलेखनाची चूक पाचांतही होती.

गवंड्याने कबूल केलं. न करून काय करणार? नाही म्हटलं तर तारखा, आणि प्रत्येक तारखेला रोज बुडणार. तो काही निष्पाप होता असं मी म्हणत नाही. रस्त्याकडेला पीत होता हे तर त्यानेच सांगितलं. पण त्याने जे केलं ते कागदावर नव्हतं आणि कागदावर होतं ते त्याने केलेलं नव्हतं. आधीच उचला म्हटलं की असंच होतं. हातात आलेल्या माणसाला शोभेल असा गुन्हा मग लिहावा लागतो.

कठड्यावरच्या मुलांबाबत हे आणखी महाग पडतं. सोसायटीचा सह्यांचा अर्ज आला की ठाण्याला काहीतरी केलेलं दाखवावं लागतं. सोपा मार्ग म्हणजे चॅप्टर केस : शांतता राखण्याचं किंवा चांगल्या वर्तणुकीचं बंधपत्र, नागरिक सुरक्षा संहितेत कलम १२६ किंवा १२९. ही शिक्षा नव्हे असं पोलीस सांगतील, आणि कागदावर ते खरंही आहे. पण नाव एकदा त्या यादीत गेलं की गणपतीच्या बंदोबस्ताआधी बोलावणं, निवडणुकीआधी बोलावणं. पोरगा पोलीस भरतीची धाव मारत असेल, नाहीतर एखाद्या कंपनीत सिक्युरिटीची नोकरी धरायची असेल, तर चारित्र्य पडताळणीच्या वेळी तो कागद आधी वर येतो. २२ वर्षांच्या पोराला शेंगदाण्याच्या पुडीची ही किंमत मला जास्त वाटते. आणि या प्रकारात चिरीमिरी कुठे शिरते हे मी लिहायची गरज नाही. पुण्यात राहणाऱ्या माणसाला ते सांगावं लागत नाही.

मग काय, बघत बसायचं? नाही. इथे मी तुमच्या मुलाची बाजू सोडते.

तुमच्या पत्रातली एक ओळ अध्यक्षांनीही वाचली नाही, मुलानेही नाही, आणि राग मानू नका, तुम्हीही लिहिलीत पण वाचली नाहीत. 'दोन गाड्या आमच्या भिंतीला लावतात.' सगळी सोसायटी मुलं बसतात त्या दोन तासांची काळजी करतेय. मला काळजी आहे ती साडेअकराला ती उठतात त्या मिनिटाची. चार-पाच जण, दोन गाड्या, पोटात क्वार्टर, आणि समोर कर्वेनगरचा रस्ता.

गुन्हा घडण्याआधी पोलिसांनी मध्ये पडावं का, याचं सरळ उत्तर आपल्या कायद्याने एकाच ठिकाणी दिलंय आणि ते इथे. मोटार वाहन कायदा, कलम १८५. १०० मिलिलीटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं तर पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. यात कुणी मेलेलं नसतं, कुणाला खरचटलेलंही नसतं. कलमाचे शब्दही बघा : चालवताना 'किंवा चालवण्याचा प्रयत्न करताना'. किल्ली लावून किक मारली तरी पुरे. हे गुन्ह्याआधीचंच हस्तक्षेप करणं आहे, आणि माझ्यासारखी संशयी बाईसुद्धा त्याच्या बाजूने उभी राहते. कारण इथे धोका डोळ्यांना दिसतो आणि यंत्राने मोजता येतो. फुंकर मारा, आकडा येतो. तो आकडा गवंड्याचा असो नाहीतर बिल्डरच्या मुलाचा, यंत्राला ओळखता येत नाही.

ओळखता येत नाही म्हटलं आणि कल्याणीनगर आठवलं. १९ मे २०२४ची पहाट, भरधाव पोर्शे, दुचाकीवरचे दोन तरुण इंजिनिअर गेले. गाडी चालवणारा १७ वर्षांचा, आणि त्याआधी तो मित्रांबरोबर पबमध्ये बसला होता, असं पोलिसांनी सांगितलं. छताखाली, बिल देऊन, उजेडात. त्याच्याविरुद्ध आदल्या दिवशी कुठल्या सोसायटीने अर्ज दिला असता? त्याला 'टोळकं' कुणी म्हटलं असतं? तिथे मध्ये पडायची वेळ होती ती वय विचारायची आणि गाडीच्या किल्लीची. कठड्यावरही किल्लीच बघायची. फरक एवढाच की कठड्यावर तुम्ही ती बघू शकता.

आता तुमच्या मुली. 'बोलत नाहीत, बघतात.' यात गुन्हा आहे का? नाही. तरी त्यांचं काहीतरी गेलंय, एक अख्खी गल्ली गेलीय. रात्री नऊनंतर ती गल्ली पाच मुलांची झाली आणि चोवीस घरांची, दोन मुलींची राहिली नाही. मुलाला हे सांगा. दारू पिणं हा चारित्र्याचा प्रश्न नाही, इतपत तो बरोबर आहे, आणि तसं कुणी म्हणत असेल तर त्याला जरूर झापावं. पण रस्ता म्हणजे त्याची बंगळूरची बाल्कनी नव्हे. रस्त्यावर एकाचं 'बसणं' दुसऱ्याच्या चालण्याच्या आड येतं तेव्हा तिसऱ्या कुणीतरी मध्ये यावं लागतं आणि तो गणवेशातला असला तर बरं. अध्यक्ष स्वतः काठी घेऊन उतरले तर मला पुढचं पत्र वेगळंच वाचावं लागेल.

मध्ये यायचं म्हणजे काय, यात सगळी गोम आहे. पोलिसाने नुसतं दिसणं वेगळं, बोलणं वेगळं, उठवणं वेगळं आणि उचलणं वेगळं. आपल्याकडे लोकांच्या डोक्यात पहिलं नाहीतर शेवटचं, एवढंच असतं. मधल्या दोन पायऱ्यांना कायदा आहे. नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७२ म्हणतं की पोलिसाने गुन्हा रोखण्याचं कर्तव्य बजावताना दिलेली कायदेशीर सूचना पाळायला माणूस बांधील आहे. पाळली नाही तर त्याला तिथून हटवता येतं, ताब्यात घेता येतं आणि किरकोळ प्रकरणात लवकरात लवकर, २४ तासांच्या आत, सोडून द्यावं लागतं. म्हणजे आधी सांगायचं. इंग्लंडमध्ये २०१४च्या एका कायद्याने हाच क्रम मुळातच लावलाय : नगरपालिका एखादा भाग ठरवून देते, तिथे पिणं हा आपोआप गुन्हा होत नाही, पण अधिकाऱ्याने थांबा म्हटल्यावर किंवा बाटली द्या म्हटल्यावर नकार दिला की तो गुन्हा. आपल्याकडे उलटं आहे, गुन्हा आधी आणि सांगणं नंतर, तेही हवालदाराच्या स्वभावावर.

स्वभाव चांगला असला तर काय होतं तेही बघितलंय. भिडे पुलाजवळ नदीपात्रातल्या रस्त्याला एका रात्री माझी स्कूटर बंद पडली होती. पन्नास पावलांवर तिघं-चौघं बसले होते, त्यांच्याजवळ एक हवालदार येऊन थांबला. मोटारसायकल बंद केली, हेल्मेट काढून टाकीवर ठेवलं, काठी गाडीलाच राहू दिली. मला वाटलं आता शिव्या ऐकायला मिळणार. त्याने पहिला प्रश्न विचारला : "गाडी कोण चालवणार आहे?" कुणी बोलेना. "मग किल्ली कुणाकडे आहे?" एकाने हात वर केला, वर्गात करतात तसा. बाटली मातीत ओतायला लावली, ग्लास पिशवीत भरायला लावले, गाडी तिथेच कुलूप लावून ठेवायला लावली आणि रिक्षा थांबवून दिली. "सकाळी घेऊन जा गाडी. परत इथे दिसलात तर मग कागद करीन." पाच मिनिटांचं काम. यात कायद्याची किती कलमं होती आणि किती नव्हती यावर मी वाद घालू शकते, मी वकील आहे. पण त्या रात्री मी गप्प उभी राहिले.

तेव्हा सहीचं. त्या अर्जावर करू नका. 'टोळकं', 'मोठा गुन्हा', 'कठोर कारवाई' हे तीन शब्द असलेला कागद मागे लागला तर लागतो त्या पोरांच्या, आणि नाहीतर फाइलला लागतो. दुसरा अर्ज लिहा, मसुदा असा :

'आमच्या सोसायटीमागील गल्लीत नाल्याच्या कठड्यावर दररोज रात्री ९.३० ते ११.३० या वेळेत काही तरुण मद्यपान करत बसतात. त्यांनी आजवर कोणालाही त्रास दिल्याची आमची तक्रार नाही. मात्र तेथील पथदिवा बंद असल्याने व जागा अंधारी असल्याने महिला व विद्यार्थिनींनी त्या रस्त्याने येणे बंद केले आहे. सदर तरुण दुचाकीवरून परत जातात, त्यामुळे अपघाताची भीती वाटते. तरी बीट मार्शलची फेरी रात्री १० व ११.३० च्या सुमारास या गल्लीतून व्हावी, तरुणांना तेथे न बसण्याची समज द्यावी व मद्यपान करून वाहन चालवू देऊ नये, ही विनंती.'

'आजवर त्रास दिल्याची तक्रार नाही' या वाक्याला अध्यक्ष हरकत घेतील. ते काढू देऊ नका. खरं आहे म्हणून तर ठेवायचंच, पण त्या एका वाक्याने पुढच्या चॅप्टर केसची हवा निघते. मुलींना आधी विचारा, त्यांचा उल्लेख चालेल का ते, नावं नकोतच. गाड्यांचे नंबर, मुलांचे फोटो सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरत असतील तर आजच काढायला लावा, ते प्रकरण आपल्यावर उलटतं. दोन प्रती न्या, एकीवर ठाण्याचा शिक्का आणि तारीख घेऊन पोच ठेवा. सोसायटी तयार नसेल तर तुमच्या एकटीच्या सहीने द्या. दिव्याचा अर्ज वेगळा : तो पोलिसांचा विषय नाही, महापालिकेच्या वारजे-कर्वेनगर क्षेत्रीय कार्यालयाचा आहे, खांबाचा क्रमांक लिहून. माझा अंदाज विचाराल तर दिवा लागला की निम्मं काम होईल. अंधारात बसणारा माणूस उजेडात बसायला लाजतो. ती मुलं मग दुसरीकडे अंधार शोधतील हेही खरं आहे, ते मी लपवत नाही.

आणि ११२ हा क्रमांक अर्जासाठी नव्हे, तातडीसाठी. कुणी मुलींच्या मागे चालायला लागला, मारामारी झाली, एखादा पडला आणि हलत नाहीये, अशा वेळी विचार करत बसू नका, लावा. पिऊन पडलेल्याला 'उतरेल सकाळी' म्हणून सोडून देऊ नका. त्याला कुशीवर वळवा आणि मदत येईपर्यंत कुणीतरी जवळ थांबा.

उद्या खरंच काही झालं आणि अध्यक्ष म्हणाले, 'मी सांगत होतो,' तर? म्हणतील. त्याची तयारी ठेवा. कुठल्याही पाच माणसांकडून उद्या काही होणारच नाही, अशी हमी कुणी देऊ शकत नाही, गच्चीवरच्या पंचवीस जणांचीही नाही. बंदोबस्त दिसणाऱ्या गोष्टीचा करता येतो, भीती वाटली एवढ्यावर माणूस आत टाकता येत नाही.

राहिल्या मावशी. त्यांना सांगू नका. मुलगा रात्री पिऊन येतो हे त्यांना तुमच्याआधी कळलंय, वास काही भिंतीत अडत नाही. तुम्ही सांगितलंत तर त्यांना नवीन एवढंच कळेल की बाईंनाही माहीत झालं, आणि उद्यापासून तुमच्या ओट्याशी त्या खाली मान घालून पोळ्या लाटतील. त्यांचं काम आणि त्यांचा मुलगा या दोन गोष्टी तुमच्या स्वयंपाकघरात एकत्र आणू नका.

बोलायचं असेल तर त्याच्याशी बोला. रात्री नको, मित्रांसमोर तर मुळीच नको. दुपारी कधीतरी, तो आईला सोडायला किंवा न्यायला येत असेल तेव्हा. नावाने हाक मारा. दारूबद्दल एक शब्द काढू नका. मुली वळसा घालून येतात हे सांगा, त्याला ते माहीत नसण्याची शक्यता बरीच आहे. बघणाऱ्याला आपण बघतोय हे कळत नाही. आणि विचारा, साडेअकराला गाडी कोण चालवतं. उत्तर ऐकून घ्या, लगेच काही बोलू नका. बत्तीस वर्षं वर्गात उभ्या राहिलात, गप्प राहून किती बोलता येतं हे मी तुम्हाला काय सांगणार. अर्ज देणार आहात हेही त्याला तेव्हाच सांगून टाका, आणि त्यात काय लिहिलंय ते वाचून दाखवा.